अणूंच्या टकरी मांडणारा संगणक

मित्रांनो, चऱ्होलीतल्या एका घरात खिडकीखाली बसलेला मी एक जुना संगणक आहे. माझी उमेदीची वर्षं चाकणच्या एका कारखान्यात गेली. तिथे माझ्यावर मोटारींच्या दारांचे आराखडे काढत. नवे संगणक आले आणि माझी रवानगी गोदामात झाली. त्या कारखान्यात काम करणाऱ्या उद्धवरावांनी साहेबांना विचारून मला घरी आणलं, ते त्यांच्या मुलीसाठी. स्वरूपा तिचं नाव. ती पुण्याला भौतिकशास्त्रात संशोधन करत होती.

तिचं काम मला आवडलं. शिशाची दोन अणुकेंद्रं प्रचंड वेगाने आदळली की निमिषभर एक अतितप्त द्रव तयार होतो. त्याचं गणित थेट सोडवणं फार अवघड. म्हणून शास्त्रज्ञ ते एक मिती जास्त असलेल्या काल्पनिक विश्वात मांडतात. खोक्यावरच्या चकचकीत होलोग्राममध्ये सपाट कागदावर खोली दिसते ना, तसंच काहीसं हे नातं. तिथे गुरुत्वाच्या दोन लाटा आदळतात, कृष्णविवर बनतं, आणि ते कसं शांत होतं यावरून इकडचा द्रव कसा वाहील ते कळतं. लाटा स्वरूपा मांडायची, आकडेमोड मी करायचो.

पण एका जागी गाडी अडली. खऱ्या प्रयोगात त्या द्रवातून निघालेले कण जितके दूरवर पसरले होते, तितके माझ्या उत्तरात पसरेनात. तिने पुन्हा पुन्हा गणित चालवलं. उत्तर तेच. प्रबंधाची मुदत तर जवळ आलेली.

उद्धवराव म्हणाले, "अगं, हे खोकं म्हातारं झालंय. उगं कशाला जीव काढायलीस? कुदळवाडीला भंगारात देऊन टाकू."

"थांबा पप्पा. चूक कुणाची ते तर कळू द्या."

ती तेच गणित विद्यापीठातल्या मोठ्या संगणकावर चालवायला गेली. मला बंद करून दाराशी ठेवलं होतं. मी वाट पाहत राहिलो.

संध्याकाळी ती आली आणि पाठीवरची सॅकही न उतरवता मला उचलून जागेवर ठेवू लागली. "तिथंही हेच उत्तर आलं, पप्पा. मशीन बरोबर आहे. आमची मांडणीच तोकडी पडतेय."

"मग प्रबंधातलं तेवढं पान गाळलं तर?" उद्धवरावांनी हळूच विचारलं.

"मग बाकीच्या पानांवर कोण विश्वास ठेवील?"

तिने ते पान ठेवलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच पानावर विचारले. स्वरूपाला पदवी मिळाली. आता मांडणीतली तीच उणीव भरून काढायला ती बंगळूरला गेली आहे.

मला आता फारसं काम नसतं. शिफ्ट नसली की उद्धवराव मला फडक्याने पुसतात, सुरू करतात, पंखा नीट फिरतो का ते पाहतात.

मित्रांनो, आम्हा यंत्रांत धूळ साचू देऊ नका. आणि आमचं उत्तर मनासारखं आलं नाही, तर रागावण्याआधी एकदा तपासून पाहा. कदाचित ते खरं असेल.