चिठ्ठीतली माणसं

तुरुंगातून सुटलेल्यांना सुतारकाम शिकवणारी बाबारावांची संस्था नागपुरात नावाजलेली. तिथं शिकलेला माणूस सहसा परत आत जात नाही, असं ते अभिमानानं सांगत. सरकारी मदत चालू राहायची तर ते आकड्यांनी दाखवायला हवं होतं. संख्याशास्त्र शिकवणारी मयुरा त्यांच्या मित्राची मुलगी. तिला त्यांनी बोलावलं.

आकडे जुळवता जुळवता ती अस्वस्थ झाली. घेतलेली बहुतेक माणसं पहिल्याच गुन्ह्यातली, ज्यांची घरी वाट बघणारं कुणी आहे अशी. संस्थेत न आलेल्या तशाच माणसांशी तुलना केली, तर फरक उरलाच नाही. चुकून संस्थेत आलेले मोजके बेघर मात्र आपल्यासारख्या इतरांपेक्षा बरे टिकले होते. पण ते इतके थोडे की ठामपणे काही म्हणता येईना.

त्याच दिवसांत तिनं दारात भिवापूरचा केशव पाहिला. तीनदा चोरीत पकडलेला.

"तू नाही बसत गा आमच्या नियमात," बाबाराव म्हणाले.

"मंग कुठं बसतो, साहेब?" केशवनं विचारलं. बाबारावांनी पुढचा अर्ज उचलला.

तो गेल्यावर मयुरा म्हणाली, "काका, जे सुधारणारच होते, तेच तुम्ही निवडून राहिले."

"आयुष्य घातलं वं मी इथं. काहून बुडवून राहिली?"

"खोट्या अहवालावर सही करणार नाही मी."

"मंग येऊ नको."

ती गेली, ती थेट अनुदान समितीच्या बैठकीत. सगळं मांडलं.

"मग संस्था बंद करायची?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. ज्यांना परत पाठवलं, त्यांनाच घ्या. जागा कमी आहेत, तर चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीत नाव निघालेले आणि बाहेर राहिलेले, दोघांची पुढे तुलना करू. निकाल माझ्याविरुद्ध गेला तरी मी तो अशीच उभी राहून वाचीन."

"माणसाच्या जिंदगीची लॉटरी?" बैठकीला आलेले बाबाराव उसळले.

"आताही लॉटरीच आहे काका. फक्त चिठ्ठ्या तुम्ही उघडून पाहता."

समितीनं त्याच अटीवर एक वर्ष दिलं. बाबारावांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

सोडतीच्या दिवशी केशवचं नाव निघालं नाही. त्याचा उतरलेला चेहरा बाबारावांना बघवेना. "एकच तर माणूस हाय. घेऊन टाकू याले."

मयुरा काही बोलायच्या आत केशवच बोलला.

"नको साहेब. बाकीचेही माझ्यासारखेच हायेत. पुढच्या सोडतीले येतो मी."

तो ताठ मानेनं बाहेर पडला. बाबाराव मयुराकडे न बघता आत वळले. समोर बसलेल्यांतला एकही त्यांनी निवडलेला नव्हता. त्यांनी रंधा उचलला आणि शिकवायला सुरुवात केली.