नर्मदा ट्रेडर्सचा माल

"जो झाकण काडून आत बगता ना गो, तो बरणी घेतलोच. पण जो येता, नुसतो उभो रवता, हातय लावणा नाय आणि परत येता, तेका काय होया ता इचारू नको. तेका बसाक दी."

बाबांचा हा आवाज पस्तीस वर्षांपूर्वीचा. आंगणेवाडीच्या जत्रेत ते चिनी मातीच्या बरण्या मांडून बसत आणि दहा वर्षांची सुगंधा मागे बसून गवतात गुंडाळलेल्या बरण्या सोडवून देई. दरवर्षी एक म्हातारी यायची, बरण्यांपुढे उभी राहायची, काही न घेता जायची. बाबा तिला आपलं स्टूल द्यायचे, पाणी द्यायचे. एवढंच.

"सुगंधाताई, ऐकताय ना? का रेंज गेली परत?"

पडद्यावर पुण्याचा विनीत भुवया उंचावून बसला होता.

"ऐकतेय. बोल."

"रत्नागिरीचं ते कोल्ड स्टोरेज. स्कोअर ब्याण्णव! सहा आठवड्यांत एकोणतीस व्हिजिट. आणि तुम्ही त्याला अजून 'नुसती पाहणी'त ठेवलंय? एवढं गरम अकाउंट या तिमाहीत दुसरं नाही."

"तो घेणारा नाही, विनीत."

"मग कारण लिहा. मशीन ब्याण्णव म्हणतंय, तुम्ही नाही म्हणताय. रकाना रिकामा राहिला तर दोन वाजता मी त्यांच्या मॅनेजरला फोन लावणार. त्यांना सांगतो, 'साहेब, तुमच्याकडून कोणीतरी रोज आमचा डेमो बघतंय.'"

"दोनपर्यंत लिहिते," ती म्हणाली आणि पडदा काळा झाला.

गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर तिची कंपनी विकायची. सरसकट जाहिरात नाही. शंभर कंपन्यांची यादी करायची आणि त्या शंभरांच्याच संगणकांवर आपली जाहिरात दिसेल असं बघायचं. मग त्यांच्यातलं कोण आपल्या वेबसाइटवर आलं, कुठल्या पानावर थांबलं, कुठून माघारी गेलं, याच्या खुणा गोळा व्हायच्या. माणसाचं नाव कळत नसे. कंपनी कळे, गाव कळे, वेळ कळे. त्या खुणांवरून घेणारा कोण आणि बघ्या कोण हे सांगणं सुगंधाचं काम. पुण्यात पंधरा वर्षं तिनं ते केलं. तिची आई, माई, थकली तेव्हा नोकरी पाठीवर घेऊन ती गावी, मसुऱ्याला आली. आता माई नव्हती. घरात सुगंधा होती आणि हा पडदा होता. दुसरं कोणी येण्याजाण्यातलं नव्हतं.

"गो सुगंधा!" दगडी गडग्यापलीकडून शेजारची अपेक्षा ओरडली. "दिवसभर त्या डब्यात कोणाक बगत बसतंस? लोकांची मना वाचतंस म्हणान ऐकलंय. मगे माझी म्हस कधी व्यातली ता सांग मां!"

"तुझी म्हस वेबसाइट बगणा नाय गो!"

अपेक्षा हसत हसत गेली. घरापुढचं खळं पुन्हा गप्प झालं. सुगंधानं रत्नागिरीच्या खुणा उघडल्या. तिला त्या पाठ होत्या. वेळ दुपारी एक वीस, जेवणाच्या सुट्टीतली. एकच संगणक. किमतीच्या पानावर कधी नाही, चौकशीचा अर्ज कधी उघडलेला नाही. झाकण काढून आत बघणं नाहीच. फक्त मराठी डेमो. त्या डेमोला आवाज सुगंधाचा होता.

दत्तप्रसाद, तिचा थोरला भाऊ, त्या कोल्ड स्टोरेजच्या फाटकावर आलेल्या मालाची नोंद करतो. बाबा गेले त्या वर्षी त्यानं सगळ्या बरण्या कोणाला न विचारता एकगठ्ठा विकून टाकल्या. सुगंधा त्याला म्हणाली होती, "या दारात परत येव नको." आठ वर्षं तो आला नाही. माई गेली तेव्हा त्याला कळवलं ते अग्नी दिल्यावर. रेंज नव्हती, फोन लागला नाही, असं सुगंधानं साऱ्या वाडीला सांगितलं होतं. दादा दहाव्याला आला, खळ्यातच उभा राहिला आणि पाणीही न पिता निघून गेला.

खुणांत एक गोष्ट मात्र तिला उमगत नव्हती. दरवेळी तो व्हिडिओ एका मिनिटावर आला की थांबे, दहा सेकंद मागे जाई, पुन्हा चाले. परत मागे. काल अकरा वेळा.

तिनं हेडफोन कानाला लावला. दोन वर्षांपूर्वीचा तिचाच आवाज, ऑफिसातल्या मराठीत नीट बसवलेला: "आता नर्मदा ट्रेडर्सचा माल आला आहे. त्याची नोंद करू." नोंदीसाठी खोटं नाव हवं होतं, तोंडात माईचंच आलं होतं. आणि त्या वाक्यामागे, फार बारीक, पंख्याच्या घरघरीसारखं काहीतरी.

तिनं आवाज वाढवला.

माई हसत होती. आतल्या खोलीत आमसुलं निवडता निवडता आपलं नाव ऐकून पदर तोंडाला लावून हसलेली माई. रेकॉर्डिंग संपल्यावर म्हणाली होती, "माझो कसलो गो माल? चार आमसुला!" घरात माईचा फोटो होता, लुगडी होती, चष्मा होता. हसणं कुठे शिल्लक असेल हे सुगंधाच्या ध्यानीमनीही नव्हतं. दादाला ते सापडलं होतं.

मग कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं: 'हे गिऱ्हाईक नाही. माझा भाऊ आहे.'

विनीतचा निरोप लगेच आला. 'मग ही कंपनी यादीत घातली कोणी?'

'मी,' तिनं लिहिलं.

आठ महिन्यांपूर्वी, नव्व्याण्णव नावं झाल्यावर, शंभरावं. कोल्ड स्टोरेज आहे, निकषात बसतं, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

'फोन नाही करत मी,' विनीतनं लिहिलं. आणि थोड्या वेळानं, 'ताई, जेवून घ्या.'

एक वीसला पडद्यावर रत्नागिरीचा हिरवा ठिपका उजळला. तो आला होता. नेहमीसारखा उभा राहील आणि जाईल. उद्या परत येईल. असं कितीही दिवस चाललं असतं.

सुगंधानं फोन उचलला. नंबर तिला शोधावा लागला नाही.

"हॅलो, कोण?"

त्याच्या आवाजामागून तिचाच आवाज येत होता, "...नर्मदा ट्रेडर्सचा माल..." आणि गपकन थांबला.

"दादा, मी."

पलीकडे त्यानं खुर्ची सरकवली.

"जेवलंस?" तिनं विचारलं.

"डबो उघडतंय आता." मग, "तुका कसा कळला?"

"ता बंद कित्याक केलंस? लाव परत. माका पण ऐकाचा आसा."

लावलं त्यानं. दोघांनी मिळून माईचं हसणं ऐकलं, एकदा, आणि मग आणखी एकदा.

"दादा," सुगंधा म्हणाली, "तेव्हा रेंज होती. माई चार दिस तुझाच नाव घेत होती, दत्ताक बोलव म्हणान. मी तुका फोन करूकच नाय."