सोमवारचा वजनकाटा

मित्रांनो, मी धावपटू मुलींच्या क्लबातला एक जुना वजनकाटा आहे. सध्या सामानाच्या खोलीत, अडथळ्यांच्या शर्यतीच्या चौकटींमागे माझा मुक्काम असतो. पण माझेही दिवस होते, बरं का.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काच अशी लखलखीत होती की लोक तिच्यात बघून भांग पाडत. अचूकपणाचा तर मला भारी तोरा. क्लबाच्या सरांनी मला मैदानालगतच्या व्हरांड्यात ठेवले आणि सोमवारची पद्धत पाडली. सकाळी उपाशीपोटी मुली रांगेत उभ्या राहत, सर आकडा मोठ्याने वाचून फळ्यावर लिहीत. जिचे वजन उतरलेले असे तिच्यासाठी टाळ्या. एक जण तर केसांतल्या पिनाही काढून ठेवी. त्या हसण्याखिदळण्याच्या सकाळी आठवल्या की अजून जीव हुरहुरतो.

सगळ्यांत जास्त टाळ्या मिळत त्या लांब पल्ल्याच्या चपळ मुलीला. तिला सगळे खारूताई म्हणत. वजन उतरले तशी सुरुवातीला ती आणखी जोरात पळू लागली. सरांची छाती फुगली, आणि खोटे कशाला बोलू, माझीही. मग तिची शर्यतीची वेळ बिघडू लागली. सर्दी हटेना, चिडचिड वाढली.

“अजून एक किलो उतरव, बघ कशी सुटशील,” सर म्हणाले. तिने रात्रीचे जेवणही अर्ध्यावर आणले. मला तिचे सगळे आकडे पाठ होते. अर्थ मात्र एकाचाही कळला नाही.

निवड शर्यतीला तीन आठवडे उरले असताना ती नडगी धरून खाली बसली. नव्याने येऊ लागलेल्या डॉक्टरबाईंनी तिला माझ्या शेजारच्या बाकावर बसवले. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. मला रागच आला.

“काल दिवसभरात काय खाल्लंस?”

“सकाळी चहा. दुपारी काकडी. संध्याकाळी सफरचंद.”

“आणि पाळी?”

“सात महिने नाही आली. जास्त सराव केला की असं होतंच ना?”

“नाही गं राणी. ही धोक्याची खूण असते.”

तपासणीत हाडाला बारीक तडा निघाला. बाई सरांना म्हणाल्या, “पोरगी आळशी नाही, उपाशी आहे. पळण्यात जाते तेवढी ताकद पोटात पडतच नाही, मग शरीर काटकसर करतं. आधी पाळी थांबली, आता हाडांवर आलंय. असंच चाललं तर हिचं पळणं कायमचं सुटेल.”

सरांनी फळ्यावरच्या आकड्यांकडे पाहिले. मग म्हणाले, “टाळ्या मीच वाजवल्या.”

ती शर्यत बुडाली. तीन महिने पळणे बंद, पोटभर जेवण, मधल्या वेळी दूध आणि केळी. पाळी परत आली तेव्हा तिने बाईंना धावत, नव्हे, चालत जाऊन सांगितले. सरावाआधी प्रत्येकीने खाल्ले पाहिजे असा सरांनी नियम केला. फळा पुसला गेला आणि मला इथे आणून ठेवले. मला वाईट वाटले. पण एक मुलगी झिजत होती आणि मी ऐटीत तिचे आकडे दाखवत होतो, याचे दुःख त्याहून मोठे आहे.

काल खारूताई सरावाचे शंकू न्यायला आली. घामेजलेला टॉवेल माझ्यावर टाकला आणि शीळ घालत मैदानाकडे पळाली. आकड्याकडे तिने पाहिलेही नाही.

तिचे आजचे वजन मला ठाऊक नाही. मित्रांनो, तुमच्यातही एखादी धावणारी असेल. तुम्हीही तिला ते विचारू नका. ती जेवली का, एवढे विचारा.