हलकी वायर

"फ्यूजच्या जागी ही चांदी कोणी कोंबली?"

जीपच्या बॉनेटखाली डोकं घालून मी ओरडलो. माझ्या चिमट्यात सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचा जळका बोळा होता. तीस वर्षं मी बोईसरच्या नाक्यावर गाड्यांची वायरिंग दुरुस्त करतोय, आणि या चांदीइतकी किळस मला कशाचीच येत नाही. गाडी जळू नये म्हणून फ्यूज स्वतः जळतो. लोकांना वाटतं, फ्यूजच नालायक.

"मीच घातली," प्रीतम म्हणाला. "सारखा उडायचा. कटकट नुसती."

"गाडी पेटली असती म्हंजे?"

"पेटली तर पेटली. सुटलो असतो एकदाचा."

असं बोलणाऱ्या माणसाच्या गाडीला खरं तर मी हात लावत नाही. पण जीप प्रीतमची नव्हती, त्याच्या वडिलांची होती. अण्णांनी चाळीस वर्षं मासेमारी केली. गुडघे गेले तशी होडी प्रीतमकडे आली आणि अण्णांकडे एवढंच काम उरलं: दिवस मावळताना ही चारही चाकांनी ओढणारी जुनी जीप मुरबे गावच्या किनाऱ्यावर वाळूत घालायची, तोंड समुद्राकडे करायचं आणि बंपरवरचे दोन मोठे दिवे लावायचे. त्या उजेडात होड्यांना खडकांमधली वाट दिसते. मोबाईलवर सगळं दिसतं म्हणून मिरवणारेसुद्धा त्या दिव्यांकडे बघतच आत शिरतात.

ते दिवे सहा वर्षांपूर्वी मीच बसवले होते. जाड वायर, सोल्डर केलेले जोड, वर कापडी टेपचे घट्ट वेढे. माझं काम मी कोणालाही उघडून दाखवतो. आता मात्र स्विच दाबला की फ्यूज उडत होता. हेडलाइट चालू, हॉर्न चालू, फक्त हे दोन मेलेले.

"ऐका, दामूकाका," प्रीतम जवळ आला. आवाज कमी करायची तसदी त्यानं घेतली नाही. "गेल्या महिन्यात बाबांनी हँडब्रेक न लावता जीप सोडली. पाण्यात जाता जाता रायली. आता वायरीला पन यांनीच काय केलं असंल, तर मनोरचा भंगारवाला उद्या येतोय. बोलावलाय मी. दुसऱ्या कोनाची चूक असंल तर राहू दे जीप म्हाताऱ्याकडं."

अण्णा चार हातांवर, घरासमोरच्या अंगणातच, उलट्या टपावर बसून जाळं सांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मग सांजचा मी कुठं बसू रे?" ते जाळ्यालाच म्हणाले.

"घरात बसा. टीव्ही हाय."

मला प्रीतमचा संताप आला, पण त्याहून जास्त त्या अज्ञात गाढवाचा आला, ज्यानं माझ्या वायरिंगची वाट लावली होती. कोणीतरी उघडून जोड मारले असणार, थुंकी लावून टेप चिकटवली असणार. असल्या माणसांचे घोळ मी रोज निस्तरतो. तो सापडला की प्रीतमसमोर त्याची यथेच्छ खरडपट्टी काढायची, असं ठरवूनच मी कामाला लागलो.

दोन्ही दिव्यांच्या वायरी सोडवल्या आणि नवा फ्यूज घातला. उडाला. म्हणजे दिवे निर्दोष. स्विच बाजूला काढला, तो ठणठणीत. उरली मधली वायर, बॅटरीकडून निघून चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, कडेनं पुढे जाणारी. ती कुठंतरी लोखंडाला टेकत होती. गोणपाट अंथरून मी जीपखाली शिरलो.

टेपला हात लावला आणि बोटं बुळबुळीत झाली. टेप सोलली, तसा तो वास थेट नाकात घुसला. माशाचं तेल, जुनं, आंबलेलं, धूळ खाऊन काळं पडलेलं. आत उंदरांच्या लेंड्या. वायरीवरचं प्लास्टिक वीतभर कुरतडून साफ केलेलं आणि उघडं तांबं चासीला चिकटलेलं. शेजारी एक उंदीर मरून वाळला होता, त्याच तेलात. बाहेर येऊन मी दोनदा थुंकलो. असली घाण मी जन्मात पाहिली नव्हती.

प्रीतम ओट्यावर फोनवर बोलत होता. अण्णा गुडघ्यावर हात ठेवत माझ्यापाशी आले.

"सापडलं?"

"तेल कोणी चोपडलं हो तिथं?"

अण्णांचा चेहरा उजळला. लंगडत ते पडवीत गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत ब्रश होता.

"मीच. दर आवसेला लावतो. होडीच्या लाकडाला लावायचो ना, तसंच. खाऱ्या हवेत लोखंड रहात नाय, तुझी वायर कशी रहाणार? इतकं चांगलं काम करून गेलास तू. म्हटलं, वाया जाऊ नये."

हा माणूस दर महिन्याला त्या गुडघ्यांनिशी वाळूत आडवा होऊन जीपखाली शिरत होता. माझं काम टिकावं म्हणून. आणि माशाच्या वासाचं तेल लावून उंदरांना जेवायला बोलावत होता. मला ओरडायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. अण्णा मात्र डबा धरून कौतुकाची वाट बघत उभे होते.

"काय निघालं?" प्रीतम फोन खिशात घालत आला.

जीपखालचा वास त्यालाही आला असणार, पण मुरब्यात माशाच्या वासाकडे कोण लक्ष देतं?

"वायर," मी म्हणालो.

"कोनी बिघडवली?"

"कोणी नाय. माझीच चूक हाय. तेव्हा हलकी वायर टाकली मी. उंदरानं खाल्ली."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला स्वतःचीच शिसारी आली. हलकी वायर! मी! तीस वर्षांत हाताखालून हलकी वायर गेली नाही, म्हणून तर गिऱ्हाइकांशी भांडत आलो.

प्रीतमला हसू फुटलं.

"म्हंजे लोकांना शिव्या घालता ते तुमीच असलं काम करता? थांबा, फोटो काढतो. गावाच्या ग्रुपवर टाकतो."

"टाक."

त्यानं खाली वाकून त्या कुरतडलेल्या वायरीचा फोटो काढला आणि माझाही काढला. मग भंगारवाल्याला फोन लावून उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. ते ऐकल्यावरच मी पुन्हा जीपखाली शिरलो.

जुनी वायर मी सगळी उपटून टाकली. नवी प्लास्टिकच्या नळीतून नेली, उंदरांच्या वाटेपासून वर, आणि चांदीच्या जागी नीट फ्यूज बसवला. ऊन उतरलं होतं. अण्णा स्टिअरिंगवर बसले आणि त्यांनी स्विच दाबला. समोरच्या भिंतीवर दोन्ही दिव्यांचा उजेड पडला, वाळत घातलेल्या बोंबलांच्या सावल्यांसकट.

"आता वायरला काय लावायचं नाय, अण्णा," मी खिडकीशी जाऊन म्हणालो. "ह्या नव्या वायरला तेल चालत नाय."

त्यांनी इंजिन बंद केलं.

"तेलानंच झालं ना रे?"

"नाय. वायर हलकी होती."

"हलकी वायर टाकणारा तू नाय, दामू."

मी पाने-पक्कड गोळा करू लागलो. अण्णांनी पायाशी ठेवलेला डबा उचलला आणि ब्रशसकट माझ्या हातात दिला.

"हा घेऊन जा. सवय हाय हाताला. आवस आली की जाईल तिकडं."

मग त्यांनी इंजिन चालू करून गियर टाकला. हँडब्रेक सोडण्याआधी एकदा ओढून बघितला, माझ्यादेखत, आणि जीप किनाऱ्याकडे नेली.

तो फोटो खाडीपलीकडच्या सातपाटीपर्यंत फिरला. दोन जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. बाकीचे येतात, हलक्या वायरीवरून चिडवतात, मी ऐकून घेतो. डबा नाक्यावरच्या माझ्या टपरीत वरच्या फळीवर ठेवलाय. झाकण नीट बसत नाही आणि उन्हात असा वास सुटतो की उभं राहवत नाही. लोक नाकाला रुमाल लावून विचारतात, काय हो हे, फेकून का देत नाही? मी म्हणतो, काम असेल तर थांबा, नाहीतर पुढे व्हा.