समुद्राला वळण न्हाय

आमच्या भैरवीला पाण्याचं भ्या न्हाय, ही सगळी तिच्या बापाची करणी. गेल्या उन्हाळ्यात नेसरीजवळच्या नदीत पाठीला डबा बांधून ह्यांनी पोरीला पवायला शिकवलं. पोरगी धारंला लागली की हे काठानं पळत खालच्या वळणावर जायचं आणि ती आपसूक ह्यांच्या हातात यायची. "नदी माणूस नेती, पर वळणावर आणून देती," असं गावभर सांगत हिंडायचं. मला तर गुडघाभर पाण्यात बी घाम फुटतोय.

परवा आंबोली उतरून कोकणात कासवांचं केंद्र बघायला गेलतो. तिथं वाळूत अंडी जपत्यात आणि सांजच्याला पिल्लं समुद्रात सोडत्यात. दोरीच्या अलीकडंच उभं ऱ्हावा, हात लावू नका, असं केंद्राच्या माणसानं बजावलं. पिल्लांची आई कुठं हाय, भैरवीनं त्याला विचारलं. अंडी घालून जाती ती परत फिरकत न्हाय म्हणाला. कसली मेली आई ही, असं मी मोठ्यांदाच म्हटलं.

पिल्लं तुरुतुरू निघाली. माझं सगळं ध्यान मोबाईलात. मान वर केली, तर पोरगी दोरीच्या पलीकडं, कमरंएवढ्या पाण्यात, ओंजळीत मागं राहिलेलं एक पिल्लू. हाक मारायच्या आत लाट आली आणि भैरवी दिसंनाशी झाली.

ह्यांच्याकडं बघितलं, तर हे किनाऱ्यानं पार खाली पळत सुटलेलं. आई अंबाबाई, हा माणूस तिकडं कशाला पळतोय? मग ध्यानात आलं. नदीवानी वळण गाठायला हे निघालं हुतं. आणि इथलं पाणी तर पोरीला सरळ आत ओढत हुतं.

मला पवता येत न्हाय, हे पाण्यात शिरताना आठवलंच न्हाय. छातीला पाणी लागलं, तोंडात खारट गेलं, पायाखालची वाळू सरकाय लागली. तेवढ्यात पोरीची वेणी दिसली, ती धरली. पुढच्या लाटंनं दोघींना उचलून आपटलं आणि केंद्राच्या माणसानं आम्हाला वाळूवर ओढलं.

भैरवी खोकली, ओकली. मी तिला एक ठेवून दिली.

"कशाला गेलीस गं?"

"त्याला आई न्हाय न्हवं," ती हुंदके देत म्हणाली. "म्हणून पोचवायला गेलते."

मी तिला छातीशी आवळून धरलं.

मग हे दिसलं. किनाऱ्याच्या पार टोकाला, पाण्यात, आमच्याकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून उभं हुतं. तीन शेतं ओलांडून गेलेली म्हस माघारी फिरती असा माझा आवाज, पर खारट पाण्यानं पार बसला हुता. भैरवीनंच दोनदा पप्पा म्हणून हाक मारली. लाटांच्या आवाजात त्यास्नी काय ऐकू गेलं न्हाय.

वेणी अजून माझ्या मुठीतच हुती. तशाच आम्ही दोघी त्यास्नी आणायला निघालो. हे हात पसरून पाण्याकडंच बघत हुतं.