मावशी गेरी

हवेत लाथ मारायची असली की अल्काचा पाय सपकन फिरायचा. समोर माणूस उभा राहिला की तोच पाय शेवटच्या वितीवर येऊन लाजायचा. सालेकशाला कराटे शिकवायला येणाऱ्या सरांनी दोन महिने हे पाहिलं आणि शेवटी सांगून टाकलं, "रविवारी गोंदियाला जिल्ह्याची स्पर्धा आहे. तोवर रोज शंभर लाथा माणसाने धरलेल्या पॅडवर मार. नाहीतर यादीतून नाव काढतो."

दरेकशात पॅड कुठून आणायचं? अल्काच्या बापाने, ताराचंदने, ते घरीच केलं. दोन पोती, मधे जुनी वाकळ, आत ठासून तणस, आणि वरून सायकलच्या ट्यूबचे वेढे. गुरुवारी रोपवाटिकेतली मजुरी आटोपून तो चार वाजताच घरी आला, ते धूड डाव्या दंडाला बांधलं आणि खळ्यात जाऊन उभा राहिला. धान मळून झालं होतं. खळं मोकळं होतं आणि कडेला तणसाचा माणसाहून उंच ढीग लागला होता.

"मार," तो म्हणाला. "हे कोणती लाथ व्हय?"

"मावाशी गेरी. गोल फिरवून मारतेत ते."

"मावशी?"

"मावाशी, बाबा. जपानी हाय."

लाथ आली. वासराने अंग घासावं तशी.

"लागलं का?" अल्काने विचारलं.

"नाई."

दुसरी आली, तिसरी आली. दर वेळी "लागलं का?" आणि दर वेळी "नाई". बाराव्या लाथेला ताराचंदच्या ध्यानात आलं की आता पोरगी पाय पोचायच्या आधीच विचारून राहिली आहे.

तेवढ्यात शामकला मावशी डोक्यावर मोळी घेऊन वाटेने आली आणि थबकली. सत्तरीची बाई, पण जंगलात रोज जाणारी.

"काय करून राहिला गा, ताराचंद?"

"मावशी गेरी, मावशी."

शामकलाने थोडा विचार केला. "माह्या नावाची हाय?"

अल्का समजवायला लागली, पण तोवर मोळी खाली उतरली होती आणि लुगड्याचा काष्टा घट्ट झाला होता. "मंग मले मारू दे," म्हणत म्हातारीने पाय उचलला. तो गोल काही फिरला नाही. सरळ आला आणि पॅड सोडून ताराचंदच्या गुडघ्यावर बसला. ताराचंद एका पायावर नाचला. म्हातारी इतकी हसली की तिला मोळीवरच बसावं लागलं.

तिचं हसणं ऐकून अंगणवाडीची वच्छला आली. तिने डोळे मिटून लाथ मारली, स्वतःभोवती एक चक्कर घेतली आणि जिथून निघाली तिथेच परत उभी राहिली. नळावर पाण्याला आलेल्या चौघीजणी घागरी तिथेच ठेवून आल्या. एकीची चप्पल सुटून तणसाच्या ढिगावर गेली. दुसरीने मारण्याआधी हात जोडून माफी मागितली आणि मग असा दणका दिला की ताराचंद दोन पावलं मागे सरला. बघता बघता रांग लागली. रांगेत ढकलाढकली झाली. ताराचंद राशनच्या दुकानातल्यासारखा नंबर पुकारू लागला आणि पुकारता पुकारता त्याला हसण्याची उचकी लागली. दंड दुखत होता, गुडघा दुखत होता, आणि इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

हा आरडाओरडा ऐकून त्याची बायको भागीरथा हातातलं सूप तसंच घेऊन बाहेर आली. तिला दिसलं ते असं: तिचा नवरा मधोमध उभा, आणि गावच्या बाया पाळीपाळीने त्याला लाथा घालत आहेत.

"काऊन मारून राहिल्या व याले?"

"लाइनीत ये, भागीरथा," वच्छला म्हणाली. "मधे घुसायचं नाई."

भागीरथाने सूप खाली ठेवलं आणि मुकाट्याने रांगेच्या शेवटी उभी राहिली. ताराचंदने ते पाहिलं, आणि त्याची उचकी थांबली.

तिची पाळी आली तेव्हा तिने घाई केली नाही. पायातली जोडवी काढून शामकलाच्या हाती दिली. "पाय कसा ठेवाचा?" तिने लेकीला विचारलं. अल्काने दाखवलं. उभ्या पायाची टाच फिरवायची, कंबर वळवायची, पायाच्या वरच्या बाजूने मारायचं, श्वास सोडायचा. भागीरथाने सगळं नीट ऐकलं, भाजीला मीठ किती ते ऐकावं तसं.

"सांभाळा हां, अल्काचे बाबा," ती म्हणाली.

धप्प असा आवाज झाला. ताराचंद खळ्यात नव्हता. तणसाच्या ढिगातून त्याचे दोन तळवे तेवढे बाहेर आले होते.

ढीग हलायला लागला. अल्का रडवेली होऊन धावली, हाताने तणस उपसू लागली, आणि आत बाप सापडला तो पोट धरून हसणारा. नाकात, कानात, केसांत तणस.

"अल्का," तो कसाबसा म्हणाला, "तुया मायनं मले आडवा केला, आन् मी जित्ता हावो. तू कायले भिऊन राहिली?"

"आणखी एक मारू का?" मागून भागीरथाने विचारलं. ती अजून त्याच पवित्र्यात उभी होती.

ताराचंद उठला, पॅड सरळ केलं, पाय रोवले. अल्का समोर आली. तिने या वेळी काही विचारलं नाही. ओरडली मात्र अशी की बांधावरच्या शेळ्या दोऱ्या ताणून उभ्या राहिल्या. पाय आला, ट्यूब तुटली, वाकळ फाटली, आणि आतलं तणस सगळ्यांच्या डोक्यावर उडालं. बाया नाचल्याच. मग पॅड पुन्हा बांधून शंभर लाथा झाल्या. सगळ्याजणी मिळून मोजत होत्या, एकसष्टनंतर चुकल्या, म्हणून पुन्हा चाळीसपासून मोजल्या.

रविवारी आठ बाया आणि दंड काळानिळा झालेला एक बाप गाडीने गोंदियाला गेले. अल्काने दोन लढती जिंकल्या. तिसरीत तिरोड्याच्या उंच पोरीने तिला हरवलं, आणि गळ्यात कांस्यपदक पडलं. परतीच्या गाडीत ती आईच्या मांडीवर डोकं आणि शामकलाच्या मांडीवर पाय टाकून झोपली. आमगाव गेलं, सालेकसा गेलं. दरेकसा आलं तेव्हा तिला हलवून उठवायला कुणी धजेना. आई आणि शामकला अलगद मांड्या काढून उठल्या, आणि सगळ्यांनी दोन हात लांब उभं राहून हाका मारल्या.