मोनच्या उन्हाची जागा

दिवा जरा वर घ्या, एवढंच सांगायला मी खामपन काकांच्या घरी गेले होते. आमच्या नान गावात थंडी उतरली की माझ्या दुकानातल्या शोभेच्या माशांना कोणी विचारत नाही, पण कासवं पाळणाऱ्यांचे फोन सुरू होतात. कासव खात नाही, पाठ बुळबुळीत झालीय, डोळे उघडत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं. त्याला पाण्याबाहेर येऊन अंग शेकायला नीट ऊब मिळत नसते. लोक दिवा विकत नेतात आणि जिथे खिळा सापडेल तिथे टांगतात.

काकांनी तर कमालच केली होती. टबातल्या विटेवर त्यांनी दिवा इतका खाली बांधला होता की मी दुरूनच तापमान दाखवणारा माझा तापमापक रोखला तर आकडा आला शेहेचाळीस.

"काका, कासव पाळायचंय की भाजून खायचंय?"

"मी हात धरून बघितला होता. बरा वाटला."

"तुम्हाला वाटणारच. त्याला बत्तीस लागतं. तुमची हाडं वेगळी, त्याची वेगळी."

काका हसले नाहीत. सीनुआन काकू जाऊन तीन महिने उलटले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावानं शंभराव्या दिवसाचं दान होतं. मुलगी लाम्पांगहून निघणार होती, भन्तेंना आमंत्रण गेलं होतं, आत चिकट तांदूळ भिजत घातला होता. एवढ्या गडबडीत ह्या माणसाला दिव्याची घाई का झाली, ते मला कळेना.

"मोन कुठंय?" मी विचारलं. मोन म्हणजे ते कासव. कानापाशी लाल पट्टा असलेलं, थाळीएवढं, काकूंचं फार लाडकं.

काकांनी हनुवटीनं कोपरा दाखवला. काकू तिथे बसून आंबवलेली चहाची पानं चघळायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फैलावर घ्यायच्या. मीही पुष्कळदा बोलणी खाल्ली आहेत. त्या रिकाम्या जागी मोन मागचे पाय ताणून, मान लांब करून, डोळे मिटून पडलं होतं. कासव असं उन्हात पडतं. तिथे ऊन नव्हतं. खिडकी बंद होती, बाहेर दुपारचं धुकं होतं आणि मला स्वेटर घालूनही हुडहुडी भरली होती.

मी तापमापक जमिनीवर रोखला. एकोणीस. तो तसाच सरकवत कोपऱ्यापर्यंत नेला. बत्तीस.

"बिघडलं वाटतं हे," मी म्हणाले, पण गुडघे टेकून हात लावून पाहिला. जमिनीच्या फळ्या उबदार होत्या. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यावर जागा असते तशा. मी हात चटकन मागे घेतला. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली.

"भन्ते म्हणाले, तिचं मागं काहीतरी राहिलंय," काका शांतपणे सांगू लागले. "काय राहिलंय ते मला दिसतंय. ह्याला शेकवत बसलीय. जन्मभर कोणाची ना कोणाची उस्तवार केली, आता मेल्यावर तरी सुटका नको? तू दिवा नीट लावून दे, पोरी. ह्याची सोय झाली की ती मोकळी होईल. उद्याचं दान तिला पोचलं पाहिजे."

"आणि तुम्ही?"

"मी काय कासव आहे?"

मी दोरी सोडली आणि दिवा हळूहळू वर घेतला. वीट चाळीसवर आली, मग छत्तीसवर, मग बत्तीसवर. गाठ मारून आम्ही दोघं दाराशी बसलो. काकांनी चहा ओतला, पण कोणी प्यालं नाही. बऱ्याच वेळानं मोननं मान वळवली, उठलं, खुरडत खुरडत टबाशी आलं, टबाला टेकवलेल्या फळीवरून चढलं आणि विटेवर दिव्याखाली पाय ताणले.

"जमलं," मी हळूच म्हणाले.

काकांनी माझ्या हातातून तापमापक घेतला आणि कोपऱ्यावर रोखला. "एकतीस," त्यांनी वाचलं. "एकोणतीस. सव्वीस." आधी आवाजात समाधान होतं. तेविसाला आवाज बसला. एकवीस त्यांनी मोठ्यानं वाचलंच नाही, मी पाहिलं म्हणून मला कळलं. ते उठले. मला वाटलं, उदबत्ती लावायला चाललेत. त्यांनी जाऊन दिव्याची पिन उपटली.

"काका, काय करताय?"

"थांब जरा. अगदी थोडा वेळ."

तेव्हाच मी पिन पुन्हा लावायला हवी होती. पण म्हाताऱ्याचं तोंड बघवत नव्हतं. वीट गार झाली तसं मोन खाली उतरलं आणि कोपऱ्याकडे निघालं. काकांनी तापमापक रोखला. बावीस. सत्तावीस. बत्तीस.

"आली," ते म्हणाले.

आकडा थांबला नाही. पस्तीस झाले, एक्केचाळीस झाले. मोननं पाय आत ओढले, मग गर्रकन वळलं आणि कासवाला मी कधी पळताना पाहिलं नव्हतं तसं पळत टबात जाऊन पडलं. काकू निघाल्या होत्या, उंबऱ्याबाहेर गेल्या होत्या आणि ह्यांनी त्यांना परत ओढून आणलं होतं. तापमापकावर चोपन्न आले. लाकूड करपल्याचा वास सुटला.

काका सरकत सरकत कोपऱ्यात गेले आणि त्यांनी उजवा तळवा फळीवर ठेवला.

"काका, उठा तिथून."

"रागावलीय," ते म्हणाले. तीन महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा खूश पाहत होते. "बघ, कशी रागावलीय माझ्यावर."

मी पिन लावली. दिवा लागला, वीट उजळली, पण मोन पाण्याखालून वर आलं नाही.

"पोरीला फोन कर," काका म्हणाले, "उद्या येऊ नको म्हणावं. भन्तेंनाही सांग, दान नको." हात त्यांनी उचलला नाही. वास आता नुसत्या लाकडाचा राहिला नव्हता.